निसर्ग-परिचय : फुलपाखरू मासा

गेल्या महिन्यात इंदूरच्या एका वाचकांचे पत्र आमच्या हाती आले. पत्रासोबत त्यांच्या दहा वर्षांच्या कन्येने रंगीत खडूंनी काढलेले एका माशाचे चित्र होते. कन्येच्या वाढदिवसासाठी त्यांनी एका दुकानातून हा मासा आणला. घरात खाऱ्या पाण्याची काचपेटी अगोदरपासून होती आणि तिच्यात दोन-तीन मासे वर्षभर सुखाने नांदत होते. नव्या माशाचे नाव दुकानदाराने 'बटरफ्लाय फिश' एवढेच सांगितले. घरच्यांनी पाणी वेळच्या वेळी बदलले, त्याची उष्णता मोजली, दुकानातले कोरडे खाद्य घातले. मासा ते खाईना म्हणून कोळंबी बारीक चिरून घातली. मासा खाद्याजवळ येई, क्षणभर थबके आणि तोंड न लावता मागे फिरे. एकोणिसाव्या दिवशी तो मेला. 'आमचे काय चुकले?' असे मुलीने चित्राखाली आपल्या अक्षरांत लिहिले आहे. दुकानदार तसलाच दुसरा मासा निम्म्या किमतीत द्यायला तयार आहे, तो घ्यावा की घेऊ नये, असे वडिलांनी विचारले आहे.

दोन्ही प्रश्नांचे उत्तर मुलीच्या चित्रातच आहे. मात्र ते वाचता येण्यासाठी ह्या माशाच्या घराण्याशी थोडी ओळख करून घ्यावी लागेल. म्हणून ह्या वेळचे सदर त्या मुलीच्या प्रश्नाला वाहिले आहे. इतर वाचकांनाही त्यात काही उपयोगाचे सापडेल, अशी आशा आहे.

फुलपाखरू मासा ही एक जात नसून ते एक मोठे कुल आहे. त्यात सुमारे १३० जाती मोडतात. उष्ण कटिबंधातील उथळ समुद्रात, जेथे पोवळ्यांच्या म्हणजे प्रवाळांच्या भिंती वाढतात, तेथे ह्या जातींची मुख्य वस्ती असते. तांबड्या समुद्रापासून हवाई बेटांपर्यंत त्या पसरलेल्या आहेत. आपल्या देशात लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार ही त्यांची मोठी ठिकाणे होत. कोकणच्या किनाऱ्यावर मालवणजवळ सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात प्रवाळ आहेत. तेथेही ह्या कुलातील काही मासे पाणबुड्यांना दिसतात.

ह्या कुलातला मासा ओळखणे कठीण नाही. प्रथम अंगाचा आकार पाहावा. शरीर दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखे चपटे असते. बाजूने पाहिले तर ते लहान ताटलीएवढे दिसते, पण समोरून पाहिले तर जेमतेम बोटभर जाडीचे. ह्या चपटेपणामुळे मासा प्रवाळाच्या फांद्यांमधील अरुंद फटींत सहज शिरतो. नंतर तोंड पाहावे. ते लहान असून पुढे चोचीसारखे निघालेले असते. जबड्यांत केसांसारखे बारीक, दाटीने बसलेले दात असतात. ह्या कुलाचे शास्त्रीय नाव ज्या शब्दांवरून बनले त्या ग्रीक शब्दांचा अर्थही 'केस' आणि 'दात' असाच आहे. तिसरी खूण डोळ्याची. बहुतेक जातींत डोक्यावरून खाली उतरणारा एक काळा पट्टा बरोबर डोळ्यावरून जातो. त्यामुळे डोळा पट्ट्यात बुडून जातो आणि चटकन दिसत नाही.

डोळा लपविण्याचे कारण काय असावे? शिकारी मासा भक्ष्याच्या डोळ्यावरून त्याचे डोके कोणते हे ताडतो आणि ते कोणत्या दिशेने पळेल ह्याचा अंदाज बांधतो. खरा डोळा झाकला गेला की त्याचा हा अंदाज चुकतो. काही जातींत तर शेपटीकडच्या बाजूला एक ठळक काळा ठिपका असतो. शिकाऱ्याने त्या खोट्या डोळ्यावर झडप घातली, तर फुलपाखरू मासा उलट दिशेने निसटतो. परावर किंवा शेपटीवर ओरखडा उमटतो, पण जीव वाचतो. निदान शास्त्रज्ञांचा तर्क असा आहे.

आता जातींकडे वळू. हे काम मुख्यतः अंगावरील रेषांवरून करावयाचे असते. भारतीय समुद्रात वारंवार दिसणाऱ्या चार-पाच जाती ध्यानात ठेवल्या तरी पुष्कळ झाले.

पहिली जात सूत्रपर फुलपाखरू मासा. शास्त्रीय नाव कीटोडॉन ऑरिगा. ह्याचे अंग पांढरे आणि मागची बाजू पिवळी असते. पांढऱ्या भागावर तिरक्या काळसर रेषांचे दोन संच असतात. एक संच खांद्याकडून पाठीकडे चढत जातो, दुसरा त्याला काटकोनात मिळून मागे पोटाकडे उतरतो. चटईची वीण जशी दिसते, तशी ही नक्षी दिसते. पाठीवरच्या पराच्या मागच्या टोकाशी खोट्या डोळ्याचा काळा ठिपका असतो आणि पूर्ण वाढलेल्या माशात तेथूनच एक लांब धागा मागे लोंबत राहतो. 'सूत्रपर' हे नाव त्या धाग्यावरून पडले. लॅटिन भाषेत 'ऑरिगा' म्हणजे सारथी. तो धागा पाहिला की सारथ्याचा चाबूक आठवतो. हा मासा वीतभर लांबीचा होतो.

ह्याच्याशी गल्लत होते ती भटक्या फुलपाखरू माशाची. त्याच्याही अंगावर चटईची वीण असते, पण पाठीच्या पराला धागा नसतो आणि खोटा डोळाही नसतो. त्याऐवजी शरीराच्या मागच्या कडेला एक काळा उभा पट्टा असतो. त्याचा जवळचा भाऊबंद भारत, श्रीलंका आणि अंदमानच्या समुद्रांत आढळतो. त्याची ओळख अशी की, पाठीचा आणि पोटाखालचा पर मागच्या बाजूला रुंद काळा असतो, जणू मागचा भाग शाईत बुडवून काढला आहे. तेव्हा चटईची वीण दिसली, तर लगेच निर्णय देऊ नये. आधी धागा शोधावा, मग काळा रंग कोठे व किती आहे ते पाहावे.

चौथी जात गळपट्ट्याची. अंग तपकिरी, डोळ्यामागे पांढरा स्वच्छ पट्टा आणि शेपटी लाल. इतर जाती बहुधा जोडीने दिसतात. हा मासा मात्र पुष्कळदा मोठ्या घोळक्याने खडकाजवळ स्थिर तरंगताना आढळतो.

पाचवी जात आपल्या आजच्या गोष्टीची. इंग्रजीत तिला खरबुजावरून नाव दिले आहे, म्हणून आपणही तिला खरबुजी फुलपाखरू मासा म्हणू. शास्त्रीय नाव कीटोडॉन ट्रायफॅसिएटस. ही जात लहान. जास्तीत जास्त १५ सेंटीमीटर. अंग पिवळसर, त्यावर जांभळट छटेच्या बारीक रेषा, आणि ह्या रेषा तिरक्या नसून डोक्याकडून शेपटीकडे आडव्या जातात, वहीच्या आखलेल्या पानासारख्या. डोळ्यावरचा काळा पट्टा पिवळ्या किनारीचा. शेपटीच्या मुळाशी नारिंगी रंग. पॅसिफिक महासागरात ह्याच्यासारखी दिसणारी दुसरी जात आहे. पण तिच्या शेपटीच्या मुळाशी हा नारिंगी रंग नसतो.

इंदूरच्या मुलीने चित्रात रेषा आडव्या काढल्या आहेत. डोळ्यावरच्या काळ्या पट्ट्याला दोन्ही बाजूंनी पिवळी कड दिली आहे. शेपटीच्या मुळाशी नारिंगी खडू इतका दाबून फिरवला आहे की कागद तेथे खरबरीत झाला आहे. धागा काढलेला नाही, कारण तो नव्हताच. तिचे निरीक्षण चोख आहे. तो खरबुजी मासा होता, ह्याविषयी आम्हांला शंका वाटत नाही.

रेषांवरून नाव ठरविण्याची ही रीत जुनी आहे. सूत्रपर माशाचे शास्त्रीय वर्णन प्रथम केले ते पेटर फॉर्स्कोल ह्या लिनियसच्या शिष्याने. डेन्मार्कच्या राजाने १७६१ साली अरबस्तानकडे पाठविलेल्या मोहिमेत तो निसर्गशास्त्रज्ञ म्हणून सहभागी होता. तांबड्या समुद्रातील मासे तो सोलून, वाळवून, वनस्पतींप्रमाणे कागदावर चिकटवून ठेवी. १७६३ साली येमेनमध्ये तापाने त्याचा अंत झाला. मोहिमेतील सहा जणांपैकी एकटा कार्स्टन नीबूर जिवंत परतला. हा नीबूर मधल्या काळात मुंबईस येऊन राहिला होता आणि घारापुरीच्या लेण्यांची रेखाटने त्याने केली होती. त्यानेच मित्राचे टिपण १७७५ साली छापून प्रसिद्ध केले. खरबुजी माशाला नाव दिले मंगो पार्क ह्याने १७९७ साली, सुमात्रा बेटाजवळ मिळालेल्या नमुन्यांवरून. हाच मंगो पार्क पुढे आफ्रिकेतील नायजर नदीचा शोधक म्हणून प्रसिद्धीस आला.

ह्या जुन्या विद्वानांच्या हाती बहुतेक वेळा मेलेला मासा येई. त्यावरून नाव ठरे, पण तो जगत कसा होता हे कळत नसे. ते समजण्यासाठी माणसाला पाण्याखाली तासन्‌तास थांबता यावे लागले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाणबुड्यांची साधने सुलभ झाली, तेव्हा शास्त्रज्ञांनी एकेका माशाच्या मागे राहून त्याने दिवसभरात कोठे, किती वेळा तोंड घातले ह्याची नोंद सुरू केली. तेव्हा असे दिसून आले की, चेहऱ्याने सख्ख्या भावांसारख्या असणाऱ्या ह्या जातींची चूल मात्र अगदी वेगळी आहे.

सूत्रपर मासा सर्व काही खातो. वाळूतील कृमी, बारीक झिंगे, समुद्रफुले, शैवाल आणि प्रवाळाचे जीव, जे मिळेल त्यावर तो भागवतो. एका ठिकाणी नाही मिळाले तर दुसरीकडे जातो. खरबुजी मासा असा नाही. त्याचे अन्न एकच, जिवंत प्रवाळाचे जीव.

येथे प्रवाळाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. आपण ज्याला पोवळ्याचा खडक म्हणतो, तो असंख्य सूक्ष्म प्राण्यांनी बांधलेला असतो. प्रत्येक प्राणी म्हणजे चुनखडीच्या लहानशा वाटीत बसलेली एक मऊ पिशवी. तिच्या तोंडाभोवती बारीक स्पर्शके असतात. ह्या प्राण्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते, ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा यजमानाला देते. प्रवाळाला जो रंग दिसतो तोही बव्हंशी ह्या शैवालाचा. खरबुजी मासा आपल्या चोचीसारख्या तोंडाने आणि केसांसारख्या दातांनी ह्या मऊ प्राण्यांचे टोक अलगद खुडतो. खाली चुनखडीची वाटी शाबूत राहते. एका जागी दोन-चार वेळा खुडून तो पुढच्या झुडपाकडे जातो, आणि दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत त्याचे हे काम चालते. गाय कुरणात चरते तशी ही चराई असते. कुरण मोठे असेल तर खाल्लेला भाग पुन्हा भरून येतो.

एका घासात मिळणारे अन्न अगदी थोडे असल्यामुळे असा मासा सतत चरत राहतो. त्याच्या शरीराची घडण, तोंड, दात, पचन, हे सर्व त्या एकाच अन्नासाठी ठरून गेलेले आहे. कोळंबीचा तुकडा त्याच्यासमोर आला, तरी तो त्याला आपले अन्न वाटत नाही. इंदूरचा मासा खाद्याजवळ येऊन थबके आणि मागे फिरे, त्याचा अर्थ हा होता. तो आजारी नव्हता, हट्टीही नव्हता. ताटात जे वाढले होते ते त्याच्या लेखी अन्नच नव्हते. काचपेटीत तो उपाशी राहिला.

ह्या माशांचा संसारही पाहण्याजोगा असतो. खरबुजी मासा बहुधा जोडीनेच आढळतो. नर आणि मादी दिसायला सारखी असतात. बाहेरून फरक ओळखता येत नाही. ही जोडी प्रवाळाचा एक तुकडा आपला मानते आणि त्या हद्दीत दिवसभर एकमेकांच्या मागेपुढे फिरत चरते. एक खडकाआड गेला तर दुसरा थोडा वर उठून इकडेतिकडे पाहतो, आणि दृष्टीस पडला की दोघे पुन्हा संगतीने निघतात. ह्या कुलातील काही जातींच्या खुणा केलेल्या जोड्या वर्षानुवर्षे अभंग राहिल्याचे शास्त्रज्ञांना आढळले आहे.

मात्र हे दांपत्य शेजाऱ्यांशी गोडीने वागते असे नाही. आपल्याच जातीची दुसरी जोडी हद्दीवर आली की पाठीचे काटे उभारून, अंग तिरपे करून ते तिला धमकावतात. तेवढ्याने भागले नाही तर पाठलाग करतात. कुरण राखण्यासाठी हे भांडण असते. ताटासारख्या पसरट प्रवाळावर राहणारी, अंगावर बाणाच्या टोकासारख्या रेषा असणारी एक जात तर इतकी कडक आहे की, आपल्या ताटाजवळ दुसऱ्या कोणत्याही प्रवाळभक्षक माशाला ती फिरकू देत नाही.

अंधार पडला की चराई थांबते. मासा फटीत शिरून विसावतो आणि त्याचे रंग मंद होतात. विणीच्या काळात जोडी संध्याकाळी पाण्यात वर चढते आणि अंडी व रेत मोकळ्या पाण्यात सोडते. अंडी पारदर्शक व हलकी असतात, ती प्रवाहाबरोबर वाहत जातात आणि एक-दोन दिवसांत फुटतात. आईबाप पिलांकडे पाहत नाहीत. पिलाच्या डोक्याभोवती हाडाच्या पत्र्यांचे चिलखत असते. असे पिलू काही आठवडे समुद्रात तरंगत राहते आणि शेवटी एखाद्या प्रवाळभिंतीवर उतरते. तेथे प्रवाळ जिवंत असेल तर त्याचा संसार सुरू होतो. नसेल तर खरबुजी जातीच्या पिलाला तेथे थारा नाही.

इंदूरच्या काचपेटीत जे घडले, ते समुद्रातही मोठ्या प्रमाणावर घडत आहे. म्हणूनच हे सगळे इतक्या विस्ताराने सांगितले.

समुद्राचे पाणी उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल उष्णतेपेक्षा सुमारे एका अंशाने जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ आपल्या अंगातील शैवाल बाहेर टाकतो. त्याचा रंग जातो, आतली पांढरी चुनखडी दिसू लागते. ह्याला प्रवाळाचे विरंजन म्हणतात. पाणी लवकर निवले तर शैवाल परत येते. न निवल्यास प्रवाळ उपासमारीने मरतो. १९९८, २०१० आणि २०१६ ह्या वर्षी लक्षद्वीपच्या प्रवाळांवर असे संकट आले, आणि २०२४ सालीही आले. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती ह्या तीन बेटांभोवती २४ वर्षे चाललेल्या निरीक्षणांत असे आढळले की, १९९८ मध्ये तळाचा सुमारे ३७ टक्के भाग जिवंत प्रवाळाने झाकलेला होता. २०२२ मध्ये तो सुमारे २० टक्क्यांवर आला.

अशा ठिकाणी आपले मासे काय करतात? २०१६ च्या विरंजनापूर्वी आणि नंतर सॅली कीथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी जपान, फिलिपाइन्स, इंडोनेशिया आणि ख्रिसमस बेट येथील १७ प्रवाळभिंतींवर फुलपाखरू माशांच्या ३८ जातींचे वर्तन नोंदले. त्यांचा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला. प्रवाळ मेल्यानंतर माशांमधील भांडणे सुमारे दोन-तृतीयांशाने कमी झाली होती. ज्या हद्दीसाठी ते काटे उभारून धावत, तिच्यावरून आता ते शेजाऱ्याला मुकाट्याने जाऊ देत. एखाद्या अनभिज्ञ पाहुण्याने ते दृश्य पाहिले असते, तर किती शांत प्राणी आहेत, असे तो म्हणाला असता. परंतु राखण्यासारखे कुरण उरले नव्हते आणि भांडणास लागणारी शक्तीही अंगात नव्हती, असा शास्त्रज्ञांनी त्याचा अर्थ लावला. ती शांतता उपासाची होती.

ह्यावरून एक उपयुक्त गोष्ट हाती येते. एखादी प्रवाळभिंत निरोगी आहे की नाही हे तिच्यावरच्या फुलपाखरू माशांवरून कळू शकेल, अशी कल्पना हवाई विद्यापीठातील अर्न्स्ट रीस ह्यांनी फार पूर्वीच मांडली होती. मात्र त्यासाठी मासे मोजणे पुरेसे नसते. जात ओळखावी लागते. सूत्रपर मासे पुष्कळ दिसले म्हणून प्रवाळ जिवंत आहे असे ठरत नाही, कारण ते कृमींवरही भागवतील. खरबुजी मासे जोडीने, आपापल्या हद्दीत, शेजाऱ्यांशी भांडत असतील, तर तेथे प्रवाळ अजून सुस्थितीत आहे असे समजावे. रेषा आडव्या की तिरक्या, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

आपल्यापैकी ज्यांना अंदमानला जाण्याचा योग येईल, त्यांनी वंडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानाची होडी अवश्य घ्यावी. हे उद्यान १९८३ साली स्थापन झाले. काचेच्या तळाच्या होडीतून पोहता न येणाऱ्यालाही प्रवाळ आणि मासे पाहता येतात. लक्षद्वीपच्या खाजणांत उथळ, स्वच्छ पाण्यात हे मासे सहज दिसतात. पाहताना घाई करू नये. एक जोडी निवडावी आणि दहा मिनिटे तिच्यावरच नजर ठेवावी. ती कशाला तोंड लावते, कोठून परत वळते, कोणाला हाकलते, हे वहीत टिपावे. मुलांना बरोबर घेतल्यास त्यांच्याकडून चित्र काढून घ्यावे. रंगापेक्षा रेषांच्या दिशेकडे लक्ष द्यायला सांगावे. पाण्यात उतरल्यास प्रवाळावर उभे राहू नये; एका पावलाखाली कित्येक वर्षांची वाढ मोडते. किनाऱ्यावर पडलेला पोवळ्याचा तुकडा आठवण म्हणून घरी आणू नये. आपल्या देशात प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली संरक्षण आहे आणि मेलेला तुकडा बाळगणेही त्यात बसत नाही.

आता इंदूरच्या पत्राचे उत्तर.

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर असे की, दुसरा मासा घेऊ नये, निम्म्या किमतीत नव्हे आणि फुकटही नव्हे. तो जर त्याच जातीचा असेल, तर तोही जगणार नाही. सूत्रपर जातीचा मासा काचपेटीत खाद्य घेतो आणि अनुभवी माणसाकडे टिकतो, हे खरे. तथापि त्याला मोठी जागा लागते, आणि फुलपाखरू मासे सहसा पाळून वाढविलेले नसतात, ते प्रवाळभिंतीवरून पकडूनच आणलेले असतात. आमचा सल्ला विचाराल तर तोही नको. दुकानात जाल तेव्हा मात्र एक करावे. 'बटरफ्लाय फिश' एवढ्या नावावर समाधान मानू नये. पूर्ण नाव विचारावे आणि हा मासा आपल्या जागी काय खातो, हे विचारावे. ह्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर विक्रेत्याला देता आले नाही, तर मासा तेथेच राहू द्यावा. असे प्रश्न चार घरांतून विचारले जाऊ लागले, तर न जगणारे मासे मागविणे विक्रेत्यांनाही परवडणार नाही.

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर वडिलांनी तिला वाचून दाखवावे. तिच्या हातून हयगय झाली नाही. पाणी स्वच्छ होते, उष्णता बरोबर होती, खाद्य वेळेवर पडत होते. चूक एवढीच झाली की, मासा घरी आला तेव्हा त्याचे खरे नाव कोणालाच ठाऊक नव्हते. ते मोठ्या माणसांनी अगोदर विचारायला हवे होते. मासा गेल्यानंतर तिने जे चित्र आठवणीने काढले, त्यात एकही रेषा चुकलेली नाही. त्या चित्रामुळेच आम्हांला त्याचे नाव सांगता आले. तिने चित्राच्या कोऱ्या कडेला ते लिहून ठेवावे : खरबुजी फुलपाखरू मासा, अन्न जिवंत प्रवाळ. पुढेमागे ती समुद्रावर गेली आणि आडव्या रेषांची एक जोडी तिला आपल्या कुरणात चरताना दिसली, तर तिने आम्हांला पुन्हा पत्र लिहावे. त्या वेळीही चित्र सोबत पाठवावे.